यूव्ही ग्लासचा किट: गोंद चांगला, दिवा लंगडा

कडा वळलेल्या डिस्प्लेवर साधी टेम्पर्ड ग्लास कडेला बसतच नाही, म्हणून सोलापूरच्या नवी पेठेत यूव्ही ग्लासच्या, म्हणजे अतिनील दिव्याने घट्ट होणाऱ्या गोंदाने चिकटवायच्या काचेच्या, किटला गिऱ्हाईक आहे. आत काच, गोंदाची बारकी बाटली, यूएसबीवर चालणारा दिवा, पुसायचे पाउच आणि स्पीकर झाकायच्या चिकटपट्ट्या.

गोंदाला नावं ठेवायला जागा नाही. हे पातळ अ‍ॅक्रिलेट. त्यातला फोटोइनिशिएटर, म्हणजे घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन, अतिनील प्रकाशात फुटतो, रेणूंच्या साखळ्या जुळतात आणि गोंद घट्ट होतो. काच आणि डिस्प्ले यांच्यामध्ये हवा उरत नाही, त्यामुळे स्क्रीनमधला फिंगरप्रिंटही सहसा चालतो.

घोळ दिव्याचा आहे. पाकिटावर ‘३० सेकंद’ छापलेलं असतं, पण गोंद किती पक्का होणार हे प्रकाशाची तीव्रता आणि वेळ या दोन्हींवर ठरतं. हा दिवा मधोमध बरा पडतो, टोकांना फिका. मध्ये काच घट्ट, चार दिवसांनी कोपरा उचललेला, ही तक्रार त्यातूनच येते. म्हणून आधी १०-१५ सेकंद फक्त धरण्यापुरता दिवा द्या, बाहेर आलेला गोंद पुसा, मग वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट. वळलेल्या कडांना दिवा तिरपा धरून पुन्हा. नेल आर्टचा ३६-४८ वॅटचा दिवा हाताशी असेल तर किटमधला बाजूलाच ठेवा. मात्र तासभर भाजत बसू नका, जास्तीच्या माऱ्याने गोंद पिवळा आणि ठिसूळ होऊ शकतो.

एवढं करूनही कडेला चिकट थर राहतो. हवेतला ऑक्सिजन साखळी मध्येच तोडतो, त्याला इलाज आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. कच्चा गोंद बोटाला लागू देऊ नका, काहींना खाज सुटते, पुरळ येतं. काळ्या बॉर्डरची काच तर घेऊच नका: शाईखाली प्रकाश पोचत नाही, तिथला गोंद ओलाच राहतो.

आता सोलापूरच्या हवेचं. मे महिन्यात ४० अंशांच्या वर गोंद पाण्यासारखा पळतो आणि थेट इअरपीसच्या जाळीत शिरतो. बाटली सावलीत, थंड जागी ठेवा, थेंब कमी घ्या, मोबाईल सपाट ठेवा आणि चिकटपट्टी दाबून बसवा. उन्हाच्या खिडकीशी काम नको, काच बसण्याआधीच गोंद धरायला लागतो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचा तूस हवेत असतोच. पंखा बंद करा, नाहीतर एक तंतू काचेखाली कायमचा.

तडा गेलेल्या डिस्प्लेवर हा किट अजिबात वापरू नका. गोंद फटीतून आत उतरतो, डाग पडतो, आणि मग पूर्ण फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टचचा अख्खा जोड, बदलण्याचा खर्च. धड डिस्प्लेसाठी किट घ्या, फक्त ३० सेकंदांवर विसंबू नका.