लातूरचं एक फॉर्म सेंटर आणि एसईबीसीच्या सीटची धास्ती

मुलीच्या एमबीबीएस प्रवेशाचा फॉर्म आम्ही लातूरला औसा रोडवरच्या एका लहानशा केंद्रात भरला. पाटीवर 'ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन' एवढंच आहे. गर्दी आधीच आवरत नाही, नाव कुठे टाकू नका, असं केंद्र चालवणाऱ्या दादांनी सांगितलंय म्हणून टाकत नाही. पण काम कसं होतं ते नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देणाऱ्या मुलांच्या पालकांना कळायला हवं.

आम्ही मराठा, म्हणजे एसईबीसीतून (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग, मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) फॉर्म. आधी एका मोठ्या काउन्सेलिंगवाल्यांकडे गेलो होतो. त्यांनी पंचवीस हजारांचं पॅकेज सांगितलं आणि वर म्हणाले, "कोर्टात एसईबीसी पडलं की सीट गेली समजा. मॅनेजमेंट कोट्याचं आत्ताच बघून ठेवा." पोरगी त्या रात्री जेवली नाही. भीती घालून पैसे काढायची ही रीत मला फार लागली.

या दादांनी आधी कागद तपासले. जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी (पडताळणी), नॉन-क्रिमीलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला), डोमिसाइल. नॉन-क्रिमीलेयरवरची मुदतीची तारीख बोट ठेवून वाचली. मग आमचे चेहरे बघून एक जाडजूड फाइल काढली. निकालांच्या झेरॉक्स, पिवळ्या पेनानं खुणा केलेल्या.

मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा 16 टक्क्यांचा. जून 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो ठेवला, पण शिक्षणात 12 टक्क्यांवर आणला. सर्वोच्च न्यायालयानं 9 सप्टेंबर 2020 ला स्थगिती दिली आणि 5 मे 2021 ला आरक्षण रद्द केलं. इथवर मलाही ठाऊक होतं. दादांनी पुढचं पान उलटलं. स्थगितीच्या आधी झालेले पीजी (पदव्युत्तर) मेडिकलचे प्रवेश न्यायालयानं कायम ठेवले होते. "ताई, आरक्षण गेलं, पण आत बसलेल्या पोरांना उठवलं नाही," ते म्हणाले. पोरगी ते पान कितीतरी वेळ वाचत बसली.

आणि लगेच दुसरी बाजूही सांगितली, म्हणून मी या केंद्राला मानते. 2024 चा 10 टक्क्यांचा कायदाही कोर्टात आहे. त्यातून होणारे प्रवेश अंतिम निकालाच्या अधीन राहतील, असं उच्च न्यायालयानं म्हटलंय. "मागच्यासारखंच होईल असं मी लिहून देणार नाही. एसईबीसीचा हक्क सोडू नका, पण ओपनमधून तुमच्या मार्कांना कुठवर लागू शकतं तेही बघून ठेवू," असं म्हणून त्यांनी मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडल्या.

तारखांकडे बघायची सवयही त्यांनीच लावली. मे 2019 मध्ये पीजीची मराठा मुलं मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला बसली होती, ती का? प्रवेश प्रक्रिया आधी सुरू झाली, कायदा नंतर आला, म्हणून त्या वर्षी एसईबीसी लागू होत नाही असं नागपूर खंडपीठानं ठरवलं. ते प्रवेश टिकवायला सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्याच महिन्यात ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे) 10 टक्केही त्या वर्षीच्या पीजीपुरते सर्वोच्च न्यायालयात अडले, कारण जागा वाढवलेल्या नव्हत्या.

पोरीनं विचारलं, दर वेळी मेडिकलवरूनच कोर्ट का? तर दादा थेट मद्रासच्या जुन्या खटल्यावर गेले. तिथल्या सरकारच्या आदेशात दर 14 जागांची वाटणी जात-धर्मावर होती : ब्राह्मणेतर हिंदू 6, मागास हिंदू 2, ब्राह्मण 2, हरिजन 2, मुस्लिम 1, अँग्लो-इंडियन व ख्रिश्चन 1. चंपकम दोराईराजन यांना मेडिकलला जायचं होतं, त्या कोर्टात गेल्या. एप्रिल 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश घटनाबाह्य ठरवला आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करू देणारं कलम 15(4) आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, पण हे इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या फाइलमधला 2022 चा निकाल माझ्या मनात राहिला. मेडिकलच्या अखिल भारतीय कोट्यातलं (राज्यांच्या कॉलेजांतल्या देशभरासाठी खुल्या जागांतलं) ओबीसींचं 27 टक्के आरक्षण ठेवताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. दहावीपर्यंत गावातल्या शाळेत शिकलेल्या, कोचिंगचं तोंडही न पाहिलेल्या पोरीच्या आईला हे वाचताना काय वाटतं, ते सांगायला नको.

फी पाचशे रुपये, कॉलेजांचा पसंतीक्रम भरून देण्यासह. फेरी बदलली की पुन्हा पैसे नाहीत. उणिवा आहेत. बसायला चारच खुर्च्या, लाइट गेली की सगळं ठप्प, फोन उचलत नाहीत. डीम्ड (अभिमत विद्यापीठांचे) आणि परराज्यातले फॉर्म ते घेत नाहीत, त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. आणि मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन जा. पसंतीक्रम ते पालकांना भरू देत नाहीत.