मराठी मॅन्युअल डॉकबुकमधून काढताना: पीडीएफ, ईपब की एचटीएमएल?

मजकूर डॉकबुकमध्ये (मॅन्युअल लिहिण्यासाठीच्या एक्सएमएल पद्धतीत) एकदा नीट बसवला की त्यातून पीडीएफ, ईपब (ई-पुस्तकाची फाइल), एकपानी एचटीएमएल आणि प्रकरणागणिक तोडलेलं एचटीएमएल असं सगळं काढता येतं. त्यामुळे चारही काढून ठेवायचा मोह होतो. तो आवरावा असं मला वाटतं. प्रत्येक आउटपुट दर आवृत्तीला तपासावं लागतं, आणि चार-चार तपासायला कुणाला वेळ नसतो. एक मुख्य ठरवावं, एक जोडीला ठेवावं. इंग्रजी मॅन्युअलला यातलं जवळपास काहीही चालून जातं. मराठीत मात्र निवडीने खरोखर फरक पडतो.

आधी पीडीएफ, कारण बहुतेकांचा कल तिकडेच असतो. छापायचं असेल तर त्याला तोड नाही. अनुक्रमणिकेत पान क्रमांक येतात, मजकुरात ‘पान ४७ पाहा’ असे संदर्भ आपोआप बसतात. ब्राउझरमधून छापलेल्या एचटीएमएलमध्ये हे सहज होत नाही. शिवाय एकच फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवली की समोरच्याकडे जशीच्या तशी उघडते.

अपाचे एफओपी या साधनाने डॉकबुकचं पीडीएफ काढत असाल तर चार गोष्टी आधीच लावून घ्या. एक, डॉकबुकच्या स्टाइलशीटमध्ये (मांडणी ठरवणाऱ्या फाइलींत) कागदाचा आकार मुळात यूएस लेटर असतो; ‘पेपर डॉट टाइप’ला ए४ सांगावंच लागतं. दोन, देवनागरी फॉन्ट एफओपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवून तोच मजकूर, शीर्षकं आणि मोनोस्पेस (कमांडसाठीचा सारख्या रुंदीचा फॉन्ट) अशा तिन्ही ठिकाणी द्यावा. मोनोस्पेस हमखास राहतो, आणि मग कमांडच्या चौकटीतल्या मराठी टिपेच्या जागी ओळभर ‘#’ छापले जातात. तीन, तक्त्यांच्या रकान्यांची रुंदी स्वतः द्या. एफओपी मजकूर पाहून रुंदी ठरवत नाही, सगळे रकाने सारखे करतो, मग ‘क्र.’चा रकाना ऐसपैस आणि ‘उपाय’ चार-चार शब्दांत कोंबलेला. चार, आवृत्ती. देवनागरी जोडाक्षरं जुळवायची सोय एफओपीत १.१ पासून, म्हणजे २०१२ साली आली. आस्कीडॉक्टर या दुसऱ्या दस्तऐवज-साधनाचं पीडीएफ साधन प्रॉन या लायब्ररीवर चालतं आणि ती मात्र अक्षरं एकापुढे एक ठेवत जाते, त्यामुळे ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागून छापला जातो. मराठीसाठी ती वाट धरू नये.

एवढं केलं की पीडीएफ दिसायला देखणं होतं. माझं मन ज्यावरून फिरलं ती गोष्ट दिसत नाहीच, ती पीडीएफमध्ये शब्द शोधताना कळते.

सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी करून कुठे चिकटवला की ‘माहिती’चं ‘मािहती’ होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आपल्या मॅन्युअलचंही तेच होऊ शकतं. पीडीएफमध्ये मुळात अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या कागदावरच्या जागा साठवलेल्या असतात, त्याही दिसण्याच्या क्रमाने. ‘फि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी फ आणि मग इकार. कागदावर इकार आधी. म्हणून फाइलच्या पोटात ‘फिल्टर’ हा शब्द ‘िफल्टर’ असा असतो. रफाराचं उलटं: तो नंतर काढला जातो, म्हणून ‘वर्कशॉप’चं ‘वकर्शॉप’. जोडाक्षराच्या आकृतीला युनिकोड अर्थ जोडलेला नसेल तर तिथे नुसता चौकोन. आता मशीन बंद पडलंय, मेकॅनिक मोबाइलवर पीडीएफ उघडून ‘फिल्टर’ शोधतो, आणि उत्तर येतं: सापडलं नाही. शब्द पानापानावर असतो. तो समजतो मॅन्युअलमध्ये माहितीच नाही, आणि फोन लावतो.

यावर इलाज आहे, पण अर्धा. एफओपीऐवजी डीबीलाटेक्स या साधनाला झीटेक हे अक्षरजुळणीचं इंजिन बॅकएंड म्हणून देऊन पीडीएफ काढायचं आणि ‘झीटेक जनरेट ॲक्चुअल टेक्स्ट’ हा पर्याय १ करायचा. मग आकृत्यांच्या मागे मूळ युनिकोड शब्दही नोंदला जातो. मात्र सगळे पीडीएफ वाचक ती नोंद बघतातच असं नाही, आणि वाचकाच्या मोबाइलमध्ये कोणतं ॲप आहे हे आपल्या हातात नसतं.

ईपबमध्ये ही अडचण नाही, कारण आत एचटीएमएलच असतं. सलग वाचायच्या पुस्तकाला ते छानच. पण सहा रकान्यांचा तक्ता मोबाइलवर कडेला कापला जातो, आणि ईपब उघडणारं ॲप सगळ्यांकडे नसतं. मॅन्युअलला मी ते सुचवणार नाही.

राहिलं एचटीएमएल. तोडलेल्या एचटीएमएलची पानं पटकन उघडतात, पण शोध त्या-त्या पानापुरताच; वेगळी शोधसोय बसवावी लागते. फाइलींची नावं तर आधी सांभाळा. काही सांगितलं नाही तर ती प्रकरणाच्या आणि विभागाच्या क्रमांकावरून पडतात. मध्ये एक प्रकरण घुसवलं की पुढच्या सगळ्या लिंका सरकतात, आणि कुणी जपून ठेवलेली ‘तेलबदल’ची लिंक ‘वायरिंग’वर उघडते. स्टाइलशीटमधलं ‘यूज डॉट आयडी डॉट ॲज डॉट फाइलनेम’ १ करा आणि प्रत्येक विभागाला स्वतः आयडी (न बदलणारं ओळखनाव) द्या. एकपानी ठेवलं तरी आयडी द्याच. नाहीतर आपोआप पडणारे आयडी दर बिल्डला बदलू शकतात.

शे-दीडशे पानांपर्यंतच्या मॅन्युअलला माझं झुकतं माप एकपानी एचटीएमएलला. कंट्रोल-एफ दाबलं की अख्ख्या मॅन्युअलमध्ये शोध, आणि ‘फिल्टर’ म्हणजे ‘फिल्टर’च. फाइलीच्या मूळ घटकावर भाषा ‘एमआर’ (मराठी) अशी नोंदवायला विसरू नका: ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यांत ते या नोंदीवरूनच उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. उणीव एकच, चित्रांची. फाइल पाठवली आणि चित्रांचा फोल्डर मागे राहिला की जागोजागी रिकाम्या चौकटी दिसतात. चित्रं बेस-६४ करून (म्हणजे अक्षरांच्या रूपात बदलून) आतच घातली तर हे टळतं, पण त्यांचा आकार साधारण एक-तृतीयांशाने वाढतो. आधी ती लहान करून घ्या. तीनशेच्या वर पानं आणि भरपूर चित्रं असतील तर तोडलेलंच बरं, हे मान्य.

एक गोष्ट मात्र कोणतंही आउटपुट सुधारत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कुणी ऱ वापरून टाइप करतं, कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) घालून. दिसतं सारखंच, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याला शोधून सापडत नाही. मूळ फाइलीतच एक पद्धत ठरवून बाकीची बदलून टाका.

पीडीएफ जोडीला ठेवा, छापण्यासाठी. वाटण्याआधी दोन-तीन मोबाइलवर त्यात ‘फिल्टर’, ‘वर्कशॉप’ आणि ‘स्थिती’ शोधून पाहा. एकही चुकला तर पहिल्याच पानावर एचटीएमएल प्रतीचा पत्ता ठळक छापा.