पाच दिवसांचं प्रशिक्षण आणि ज्वारीचं एक धाट

मी धारूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, जन्मापासून दिसत नाही. तिचं खरं नाव देत नाही, इथं चिमी म्हणते. आई-बाप उसतोडीला कारखान्यावर, चिमी आजीपाशी. फिरते विशेष शिक्षक महिन्यातून एक-दोनदा येतात, बाकीचे दिवस ती माझ्याच हाती. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरला दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षकांसाठी पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण आहे असं कळलं, तेव्हा रजा टाकून पदरच्या पैशानं गेले. फी अडीच हजार, त्यात राहणं-जेवण आलं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत.

पहिला दिवस मला जड गेला. मुलं कशी शिकतात हे मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि वायगॉट्स्की हे डी.एड.ला पाठ केलेलेच होते. दोघांचा जन्म 1896 चा, इथपासून सुरुवात झाली आणि दुपारपर्यंत पडद्यावर तक्ते सरकत राहिले. हातात दिलेल्या टिपणांची फाईल पूर्ण इंग्रजीत. आम्ही 28 जण, बहुतेक बीड, परभणी, हिंगोलीच्या खेड्यांतले. शेजारच्या अंगणवाडीताईंनी ती फाईल एकदा उघडली ती पुन्हा उघडलीच नाही. मराठवाड्यात प्रशिक्षण घ्यायचं तर टिपणं मराठीत पाहिजेत, यात तडजोड नको.

दुसऱ्या दिवशी मात्र मी ताठ बसले. शिकवायला आलेले सर स्वतः अंध, ब्रेलवर बोट फिरवत बोलणारे. त्यांनी पियाजेचाच मुद्दा घेतला, पण बाळापासून. डोळस बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की फडक्याखाली लपवलेलं खेळणं फडकं ओढून शोधतं. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती आहे, हे त्याला कळलेलं असतं. न दिसणाऱ्या बाळाचा खुळखुळा हातातून सुटला आणि वाजायचा थांबला, की त्याच्या लेखी तो उरतच नाही. नंतर वाजला तरी नुसत्या आवाजावरून ‘तिथं धरण्याजोगं काही आहे’ हे उमगायला वेळ लागतो. अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग यांनी अशी बाळं घरी जाऊन वर्षानुवर्षं पाहिली, 1977 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. डोळस बाळ चार-पाच महिन्यांत दिसलेल्या वस्तूकडे हात नेतं; ही बाळं आवाजाकडे हात नेतात ते वर्ष संपत आल्यावर. रांगणंही त्यामुळंच लांबतं, पुढं ओढणारं काही नसतं म्हणून. बुद्धीचा त्यात दोष नाही.

मग सर म्हणाले, "चेहरा वाचू नका, हात वाचा." दिसत नसलेलं मूल लक्ष देऊन ऐकतं तेव्हा बरेचदा एकदम स्थिर होतं, मान खाली, तोंडावर काही नाही. माझ्या पोटात कालवलं. मी चिमीच्या नोंदवहीत जुलैपासून चार ठिकाणी ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलेलं आहे. गोष्ट सांगताना ती अशीच दगडासारखी बसते. तिची बोटं काय करतात हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. परत आल्यावर पाहिलं. गोष्टीतलं मांजर उडी मारतं त्या वाक्याला तिची बोटं फ्रॉकच्या काठावर आखडतात, आणि मांजर सुटलं की सैल होतात. नोंदी दुरुस्त केल्या.

तिसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा सोलायला दिल्या, डोळ्यांवर पट्टी बांधून. आधी शिकवणाऱ्या ताईंनी मागून आमचे हात धरून सोलवून घेतलं. मग त्यांनी स्वतःचे हात खाली ठेवले, आमचे वर. पहिल्या वेळी माझा हात नुसता लोंबकळत होता. दुसऱ्या वेळी शेंग कुठं दाबली की फुटते ते मला त्यांच्या अंगठ्यावरून कळलं, आणि नको वाटलं तेव्हा हात काढूनही घेता आला. लिहायला शिकवताना मी चिमीचा हात वरून घट्ट धरत होते, ते तिथंच बंद केलं. पट्टीबद्दल सरांचं एक म्हणणं मला पटलं. पट्टी बांधून डोळस माणसाला कळते ती अचानक अंधारात पडल्याची भीती. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाला असं काही वाटत नसतं. पट्टी सोडून कोणी डोळे पुसू नका, असं त्यांनी बजावलं.

वायगॉट्स्कीही त्या दिवशी वेगळा कळला. आंधळेपणापेक्षा लोक त्या मुलाशी जसं वागतात त्यानं जास्त अडतं, हे त्यानं शंभर वर्षांपूर्वी मांडलं. चिमीचा डबा आजवर कुणीतरी दुसरंच उघडत होतं. आता झाकणाची कडी सैल करून मी देते, पुढचं ती करते.

आता उणिवा. ब्रेलला सगळे मिळून दोन तास. भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची उठावाच्या सहा बिंदूंची लिपी, 1951 पासूनची, ‘अ’ म्हणजे पहिला बिंदू, ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा, इथवर आलो. पाटीवर टोचणीनं उजवीकडून डावीकडं लिहायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, हे हाताला बसायच्या आत वेळ संपली. गणिताच्या टेलर फ्रेम, म्हणजे भोकांत खिळे बसवून अंक मांडायच्या पाट्या, फक्त तीन. आठकोनी भोकात एकच खिळा आठ दिशांना बसतो, दोन्ही टोकं वेगळी म्हणून सोळा खुणा होतात, हे ऐकायला सोपं. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची घंटा झाली. अंशतः दिसणाऱ्या मुलांचा विषय चाळीस मिनिटांत गुंडाळला, आणि ही चूक मोठी आहे. अंध म्हणून नोंदलेल्या बऱ्याच लेकरांना थोडंफार दिसत असतं, वर्गात तीच जास्त भेटतात.

चौथ्या दिवशीचं, अंध मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक लोवेनफेल्ड यांचं सूत्र मात्र मी गावी घेऊन आले. दिसत नसल्यानं अनुभवांचा आवाका, हिंडणं-फिरणं आणि भोवतालावरचा ताबा, या तिन्हींवर मर्यादा येते. म्हणून वस्तू खरी द्या आणि पूर्ण द्या. जानेवारीत मी चिमीला विचारलं, ज्वारी केवढी असते? तिनं चिमटीत पीठ धरावं तशी बोटं दाखवली. रोज भाकर खाणारं लेकरू.

शाळेमागच्या रानात ज्वारी हुरड्याला आलेली. आजी म्हणाली, "बाई, तिला काय कळायलंय, कशाला उन्हात हिंडवायलात?" तरी गेलो. माझे हात खाली, तिचे वर, बुडापासून सुरू केलं. मातीत रुतलेल्या जाड मुळ्या, मग पेर, पुन्हा पेर. पानाची कड बोटाला खरखरली तेव्हा तिनं हात मागं घेतला, थांबले, तिचा तिनंच पुन्हा पुढं नेला. डोक्याच्या वर हात पुरेना. "अजून हाय?" उचलून घेतलं. कणसावर दोन्ही तळवे ठेवून ती गप्प झाली, मान खाली. मी चेहरा नाही पाहिला, बोटं पाहिली. एक-एक दाणा मोजल्यासारखी फिरत होती. मग म्हणाली, "बाई, हे एवढं उंच, आन् मधी भाकर कुठंय?"

त्या प्रश्नावर आमचा आठवडा गेला. मळणी, जातं, पीठ, तवा.

पैसे वसूल झाले का? दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस धरला तर नक्की. पहिला दिवस त्यांनी अर्ध्यावर आणावा आणि तो वेळ ब्रेलला द्यावा, असं मी अभिप्रायात लिहून दिलंय. निवासाला गरम पाण्याची सोय नाही, थंडीत जाणाऱ्यांनी अंघोळीचं बघून घ्यावं. आणि जाताना आपल्या वर्गातल्या लेकराची एक दिवसाची नोंद लिहून न्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ते सर प्रत्येकाकडून ती वाचून घेतात, आणि हातांबद्दल काय लिहिलंय तेवढंच विचारतात.