करारावर सही भाच्याची, राहणारी आत्या: पुण्याजवळच्या एका असिस्टेड लिव्हिंग केंद्राविषयी

माझी आत्या अविवाहित आहे, माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन चालत असली तरी बुद्धीने पूर्ण सावध आहे. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून घरी येणाऱ्या बायका सतत बदलत राहिल्या, रात्री एकटीने राहणे धोक्याचे झाले, तेव्हा पुण्याजवळच्या एका असिस्टेड लिव्हिंग केंद्रात, म्हणजे राहण्यासोबत रोजच्या कामांत मदत आणि शुश्रूषा मिळते अशा ठिकाणी, जाण्याचा निर्णय तिने स्वतः घेतला. ती अजूनही तिथेच राहते आणि म्हणून केंद्राचे नाव मी येथे देत नाही. माझे मत आधीच सांगतो. शुश्रूषेच्या बाबतीत हे केंद्र मी पाहिलेल्या ठिकाणांत उजवे आहे. परंतु राहणाऱ्या माणसाच्या हक्कांचा प्रश्न आला की तेथील प्रशासन आपला ग्राहक म्हणून सही करणाऱ्या नातेवाइकाकडे बघते, राहणाऱ्याकडे बघत नाही, आणि बहुतेक साऱ्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

चांगले ते मनापासून नोंदवायला हवे. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवल्याची नोंद खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर वेळ आणि सहीसह असते, आणि न सांगता गेलो तेव्हाही ती पूर्ण भरलेली दिसली. पाठीला जखमा न होऊ देणे ही अशा ठिकाणची सर्वांत कठीण परीक्षा असते आणि त्यात हे केंद्र उत्तीर्ण होते. औषधे सिस्टर स्वतः देतात, गोळी गिळेपर्यंत समोर थांबतात आणि मगच वहीत खूण करतात. न्हाणीघरात आधाराचे दांडे आहेत, कमोडची उंची योग्य आहे, रात्री पायापाशी मंद दिवा जळत असतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना ताठ बसवून भरवतात आणि जेवणानंतर लगेच आडवे करत नाहीत. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला कार्यालयातला मुलगा मोबाइलवर चेहऱ्याची ओळख घेऊन जागच्या जागी करून देतो. आत्याला त्यासाठी बँकेचा जिना चढावा लागला नाही. मावशी आणि मामा, म्हणजे तेथील मदतनीस, मायेने वागतात. वरच्या आवाजात बोललेले मी ऐकलेले नाही.

अडचण कागदावर सुरू होते. प्रवेशाच्या वेळी जो करार पुढे ठेवला गेला, त्यात दोनच पक्ष होते: केंद्र आणि ‘जबाबदार नातेवाईक’. आत्या त्याच टेबलाशी बसली होती, पैसे तिच्या निवृत्तिवेतनातून आणि ठेवींच्या व्याजातून जाणार होते, तरीही करारावर तिच्या सहीसाठी जागा नव्हती. कॅमेऱ्यापासून फाटकापर्यंतचा प्रत्येक निर्णय पुढे याच कागदावरून ठरत गेला.

कॅमेऱ्याचेच पाहा. प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे, त्याचे चित्र नातेवाइकांना मोबाइलवर दिसते आणि केंद्र आपल्या जाहिरातीत ही सोय ठळकपणे सांगते. ज्यांची मुले परदेशात आहेत त्या कुटुंबांना तिचा किती आधार वाटतो, हे मला समजते. पण त्याच खोलीत आत्या कपडे बदलते, शेजारच्या खाटेवरील बाईंचे अंग पुसले जाते, त्यांचे डायपर बदलले जाते, आणि ज्यांचे माझ्याशी काहीही नाते नाही अशा त्या बाई माझ्या मोबाइलवर दिसतात. आत्याने कॅमेरा बंद करायला सांगितले, तेव्हा व्यवस्थापकांनी अत्यंत नम्रपणे उत्तर दिले की त्यासाठी भाच्याचे पत्र लागेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध बजावता येतात हे खरे असले, तरी स्वतःच्या अंगावरचे कपडे कोणासमोर बदलायचे हे ठरवण्याचा अधिकार वयाची ऐंशी ओलांडली म्हणून भाच्याकडे जात नाही, हे समजायला न्यायालयापर्यंत जाण्याचीही गरज पडू नये.

फाटकाचेही तसेच. आत्याला बँकेत किंवा जुन्या मैत्रिणीकडे जायचे असेल, तर पहारेकरी कार्यालयाला विचारतो, कार्यालय मला फोन करते आणि मी होकार दिल्यावर पास मिळतो. एका दुपारी मी कामात होतो, फोन उचलला गेला नाही, आणि आत्या पर्स घेऊन पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसून राहिली. बोलावलेली रिक्षा शेवटी परत गेली. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे आणि जे वाट चुकू शकतात, त्यांच्यासाठी फाटकावर काळजी घेणे आवश्यकच आहे. मात्र तोच नियम सरसकट सर्वांना लावणे म्हणजे सज्ञान, सावध माणसाला परवानगीवर ठेवणे होय. कोण स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी तपासून प्रत्येकाच्या फाइलमध्ये लिहून ठेवण्यात कोणतीच अडचण नाही.

प्रवेशाच्या कागदांत आणखी एक पान होते, ज्यावर रुग्णालयात हलवणे, शस्त्रक्रिया आणि व्हेंटिलेटर यांविषयीचे निर्णय नातेवाईक घेईल असे छापलेले होते. आयुष्याच्या शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली गेली, आणि दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेणे पुरेसे ठरले. आत्याने असे इच्छापत्र केलेले आहे. ते ठेवायला फाइलमध्ये रकानाच नव्हता, कारण त्या पानाने तिची इच्छा गृहीतच धरलेली नव्हती.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आत्याच्या मजल्यावरची नाही. ज्या मजल्यावर स्मृतिभ्रंश झालेले लोक राहतात, तिथे रात्रपाळीला माणसे कमी असतात आणि काही जणांच्या खाटांचे कठडे वर करून कमरेला मऊ पट्टा बांधतात. पडू नयेत म्हणून, असे कार्यालय सांगते. ही भीती खोटी नाही. खुबा मोडला की काय होते ते आमच्या घराने पाहिले आहे. परंतु गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरू पाहतो, तेव्हा तो अधिक उंचीवरून पडतो, आणि बांधलेल्या माणसाचे पाय काही आठवड्यांत चालणे विसरतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 97 नुसार मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला बांधून ठेवण्याची मुभा केवळ तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी लागते, आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरून तसे करता येत नाही. हे केंद्र त्या कायद्याखाली नोंदलेले नसले तरी मोजमाप तेच असायला हवे. कोणाला, कोणाच्या आदेशाने, किती वाजता बांधले आणि कधी सोडले, याची वही मी मागितली, ती नव्हती. प्रवेशाच्या वेळी नातेवाइकाने एकदा दिलेली संमती वर्षभर पुरेशी मानली जाते.

ज्येष्ठांसाठी कायदा आहे ना, असे अनेक जण विचारतात. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासंबंधीचा 2007 चा कायदा आहे, पण त्याचे कलम 19 निराधार ज्येष्ठांसाठी राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याविषयी बोलते. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी केंद्रांची नोंदणी व किमान दर्जा ठरवणारी तरतूद डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होती. ते विधेयक संमत झाले नाही. रुग्णालयांना महाराष्ट्रात 2021 च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. या केंद्राच्या दर्शनी भागात शुल्काचा तक्ता आहे, हक्कांचा नाही. हाताशी उरतो तो ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019, आणि त्याची व्याख्या येथे फार महत्त्वाची आहे: पैसे कोणीही भरलेले असोत, त्याच्या मान्यतेने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकच असते. म्हणजे जे स्थान कायदा आत्याला देतो, ते केंद्राचा करार तिच्याकडून काढून घेतो.

तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात, व्यवस्थापकांच्या नजरेसमोर टांगलेली आहे. खाटेवरचा माणूस तिथवर पोहोचू शकत नाही, आणि जो पोहोचतो त्याला हे ठाऊक असते की रात्री पाण्याचा पेला ज्यांच्या हातून घ्यायचा, त्यांच्याचविषयी ही चिठ्ठी आहे. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा 14567 हा क्रमांक निदान जेवणाच्या खोलीत लावावा, आणि निवासींची दरमहा बैठक बाहेरच्या एखाद्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावी, असे मी लेखी सुचवले आहे. क्रमांक लागला, बैठक अद्याप झालेली नाही.

पैशांविषयी थोडक्यात: मासिक शुल्क काळजीच्या पातळीनुसार ठरते, डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची जादा भेट यांचे बिल वेगळे लागते आणि ते तपशीलवार मिळते. अनामत रक्कम परत देण्याची मुदत करारात नव्हती, ती आम्ही लिहून घेतली. ‘वर्तनाच्या कारणास्तव’ पंधरा दिवसांच्या सूचनेवर जागा रिकामी करून घेण्याचे कलम मात्र तसेच आहे. स्मृतिभ्रंशात वर्तन बदलणे हाच आजार असतो, त्यामुळे या कलमावर कोणत्याही कुटुंबाने डोळे झाकून सही करू नये.

पत्रव्यवहारानंतर केंद्राने काही गोष्टी मान्य केल्या, आणि व्यवस्थापकांनी त्या ऐकून घेतल्या याबद्दल मला आदर आहे. आत्याच्या खोलीतला कॅमेरा तिच्या आणि शेजारच्या बाईंच्या सहीने बंद झाला, इच्छापत्र फाइलच्या पहिल्या पानाला लागले, आणि नूतनीकरणाच्या मसुद्यात राहणाऱ्या व्यक्तीच्या सहीची जागा आली आहे. फाटकाचा नियम आणि बांधण्याची नोंदवही या दोन बाबी ‘विचाराधीन’ आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या देखभालीसाठी हे केंद्र मी निःसंकोच सुचवीन. स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या माणसासाठी सुचवताना मात्र एक अट घालीन: मसुदा आधी घरी मागवावा, जो राहणार आहे त्याने तो स्वतः वाचावा, आणि जी कलमे पटत नाहीत ती अनामत भरण्यापूर्वीच बदलून घ्यावीत, कारण अनामत भरल्यावर तीच कलमे बदलून घ्यायला आम्हाला कित्येक महिने लागले.