तुकडा एका कापडाचा, जॅकेट दुसऱ्या कापडाचे: जलरोधक कपड्यांच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानातून मी 14,500 रुपयांचे जलरोधक जॅकेट घेतले. पाणी आत येऊ न देणारे, पण घामाची वाफ बाहेर सोडणारे, असे त्याचे वर्णन होते. त्यातले एकही खरे निघाले नाही. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. परंतु ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती पद्धत कोणत्याही दुकानात वापरता येण्यासारखी असल्यामुळे ती तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते.

माझा भाचा स्कॉटलंडच्या हायलंड्स भागात हरणांच्या व्यवस्थापनाचे काम शिकतो. तिथला लांडगा शेकडो वर्षांपूर्वी संपला, त्यामुळे तांबड्या हरणांना नैसर्गिक शत्रू उरलेला नाही; कळप वाढतात, कोवळी रोपे खाऊन टाकतात आणि नवे जंगल उभेच राहत नाही. म्हणून तिथे ठरावीक काळात हरणांची कायदेशीर शिकार होते, माद्यांसाठी हा काळ 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी असा आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच उरला नाही, आणि ते योग्यच झाले. मला बंदूक हातातही घ्यायची नव्हती. भाच्याकडे जाऊन, दुर्बीण घेऊन एक दिवस शिकार करणाऱ्या लोकांच्या मागे चालायचे, एवढेच ठरले होते. भाच्याने फोनवर बजावले होते, "मामा, तिथे चालणे कमी आणि सरपटणे जास्त असते. जॅकेट चांगले घ्या आणि आवाज न करणारे घ्या."

मी दुकानदाराला हे सगळे जसेच्या तसे सांगितले. त्याने एक हिरवट जॅकेट काढले. त्यावर एका प्रसिद्ध परदेशी कंपनीची चिठ्ठी लटकत होती आणि बाहीवर 20,000 असा आकडा शिवलेला होता. हा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही, हे तो सांगतो. 20,000 म्हणजे वीस मीटर. मग त्याने ग्लासभर पाणी बाहीवर ओतले, पाण्याचे मणी झाले आणि ते घरंगळून गेले. त्यानंतर गरम पाण्याच्या कपावर त्याने कापडाचा एक तळहाताएवढा तुकडा ताणून बांधला आणि वर काचेचा ग्लास उपडा ठेवला. दोन मिनिटांत ग्लास आतून धुरकटला. "बघा साहेब, वाफ निघते, पाणी येत नाही. आपल्या नागपूरच्या पावसातसुद्धा घाम येणार नाही." मी तिथेच यूपीआयने पैसे दिले. बिल म्हणून हाती आली ती एक चिठ्ठी: "जॅकेट 1 नग".

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या डोंगरावर तापमान सहा अंशांच्या आसपास होते आणि पाऊस बारीक, पण न थांबणारा होता. चढण चढताना पहिल्या तासातच पाठ घामाने भिजली. पुढे एका ओहोळाच्या पात्रातून आम्ही कोपरांवर सरपटू लागलो, तेव्हा कोपरांतून आणि काखेच्या शिवणीतून थंड पाणी आत शिरले. त्याहून वाईट म्हणजे कापडाचा आवाज. प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळावी तशी सरसर दर हालचालीला होत होती. पुढे असलेल्या वाटाड्याने दोनदा मागे वळून तळहात खाली दाबत खूण केली. तिसऱ्यांदा खूण करण्याआधीच कळपातल्या एका मादीने मान वर केली, भुंकल्यासारखा एकच आवाज काढला आणि सगळा कळप टेकडीपलीकडे गेला. त्या लोकांचा अर्धा दिवस माझ्यामुळे वाया गेला, याचे मला आजही वाईट वाटते. थांबल्यावर ओल्या अंगाला वारा लागून मी इतका कुडकुडू लागलो की वाटाड्याने स्वतःचा लोकरी स्वेटर काढून मला दिला.

नागपूरला परतल्यावर मी जॅकेट उलटे केले आणि एका बाहीचे मनगट सुतळीने घट्ट बांधून, बाही पाण्याने भरून मोरीत टांगली. तीन मिनिटांत काखेखालच्या शिवणीवर सुईच्या प्रत्येक भोकातून एकेक थेंब ओळीने बाहेर आला. खऱ्या जलरोधक कपड्यात प्रत्येक शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असते. इथे ती फक्त खांद्यावर आणि टोपीच्या कडेला होती, म्हणजे दुकानात जॅकेट हातात घेतल्यावर नजर जाते तिथेच. कोपरावर आतला पांढरा लेप पापुद्र्यासारखा सुटत होता. नागपूरच्या महाल भागातील ज्या कारागिराकडे आम्ही बॅगा दुरुस्तीला देतो, त्याने बोटाने कापड चोळून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हे तं ब्यागीच्या अस्तराचं कापड हाय. एवढे पैसे कायले देले?"

मग मला दुकानातला तो तुकडा आठवला. त्याची आतली बाजू करड्या, बारीक विणीच्या जाळीची होती. माझ्या जॅकेटला आत जाळी नाहीच. गुळगुळीत पांढरा पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा लेप आहे आणि त्यावर सुटे अस्तर. चांगल्या तीन थरांच्या कापडात बाहेरचे कापड, मधला अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा आणि आतली जाळी हे एकत्र चिकटवलेले असतात. 1969 मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई हे प्लॅस्टिक झटक्याने ताणले आणि त्यातून अशा पडद्याचा जन्म झाला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात. दुकानातला तुकडा बहुधा अशाच कापडाचा होता. जॅकेट त्या कापडाचे नव्हते.

पाण्याचे मणी दाखवणे तर त्याहून सोपे. ते पडद्यामुळे होत नाहीत, बाहेरच्या कापडावरील पाणी झटकणाऱ्या लेपामुळे होतात, आणि असा लेप साध्या छत्रीच्या कापडालाही असतो. खरा प्रश्न दाबाचा आहे. गुडघा किंवा कोपर ओल्या जमिनीवर टेकले की त्या जागी शरीराचा भार पडतो, आणि वरून पडणाऱ्या पावसात टिकलेले कापड तिथे हार खाते. काही ग्राहक तोंडाने फुंकर मारून कापड "श्वास घेते" का ते पाहतात. ज्यातून फुंकर सहज पार होते ते कापड पाणीही अडवत नाही.

नागपूरच्या पावसात घाम येणार नाही, हे विधान खऱ्या, महागड्या जॅकेटबाबतही खोटेच ठरले असते. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या फरकामुळे. सहा अंशांच्या हवेत हा फरक मोठा असतो. जुलैतल्या आपल्या उष्ण, दमट हवेत तो फारच थोडा उरतो. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बफरमध्ये किंवा गोरेवाड्याला पावसात जाणाऱ्यांनी सैल, काखेत झिप असलेला साधा रेनकोट घ्यावा, असे मी आता सांगतो. शिवाय पॉलियुरेथेनचा लेप उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला तर चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून गोदामातला जुना माल नवा म्हणून घेणे आपल्याकडे अधिकच धोक्याचे आहे.

परत गेलो तेव्हा दुकानदाराने "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीकडे बोट दाखवले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पक्के बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. माझे तीस दिवस उलटून गेले होते. खरेदी केल्यावर घरीच बाही पाण्याने भरून पाहिली असती तर ते झाले नसते. तक्रारीसाठी मात्र दोन वर्षांची मुदत असते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्यावर दुकानदार 5,000 रुपये द्यायला तयार झाला, ते मी घेतले नाहीत. यूपीआयची नोंद, चिठ्ठीचे आणि लेबलांचे फोटो जोडून जिल्हा आयोगाकडे तक्रार दिली. परदेशी म्हणून विकलेल्या या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव किंवा उत्पादनाचा देश काहीच छापलेले नव्हते, हेही मी त्यात नमूद केले आहे.

मागच्या महिन्यात त्या दुकानावरून जाताना आत गरम पाण्याचा कप आणि उपडा ग्लास दिसला. समोर एक तरुण जोडपे उभे होते. मी आत जाऊन त्या मुलाला एवढेच म्हणालो, की तो तुकडा आणि जॅकेट दोन्ही उलटे करून शेजारी ठेवायला सांगा. त्याने तसे सांगितले. दुकानदाराने तुकडा उचलून गल्ल्याच्या खणात टाकला.