आधी मेदेवी, मग बाटू बोलोंग: बालीतल्या एकदिवसीय सर्फिंग सहलीचं परीक्षण

बालीत गाडी, बोर्ड आणि शिकवणारा असं सगळं एकत्र देणारी दिवसभराची सर्फिंग सहल मिळते. चांगूचं गर्दीचं बाटू बोलोंग आणि पश्चिमेचं शांत मेदेवी अशी जोडी असेल, तर पैसे देण्याआधी एकच विचारा: आधी कुठे नेणार? चांगू म्हणाले की नाही म्हणा. मे ते सप्टेंबरात सकाळ सरता सरता आग्नेयेचा वारा जोर धरतो आणि मेदेवीची लांबलचक, डावीकडे फुटत जाणारी लाट विस्कटते. चांगूहून तिथवर साधारण दोन तास, तेही गिलिमानुक या फेरी-बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागे. म्हणजे पहाटे चारला निघणं आलं. डब्यात थेपले घ्या, पण दोनच खा.

मेदेवीचा तळ गोट्यांचा, मध्ये मध्ये सी-अर्चिन, म्हणजे तळाला चिकटलेले काटेरी समुद्री जीव. रबरी बूट आपले न्या, भाड्याचे मापाचे मिळतीलच असं नाही. कावी-कंबोईला, भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या स्तंभेश्वराच्या देवळात जाणाऱ्या बडोदेकराला भरतीची वेळ बघून निघायची सवय असतेच. बालीत फरक दोन-अडीच मीटरचा, तरी ओहोटीला गोटे उघडे पडतात. पडलात तर पाठीवर सपाट पडा, पाय खाली सोडू नका. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची इथे लाटेकडे पाठ होते, नवशिक्याला ते जड जातं.

बाटू बोलोंगची लाट मऊ आणि संथ, शिकायला झकास. पण एकेका लाटेवर पाच-सहा जण! फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. काही शिकवणारे हे न बघताच मागून ढकलून मोकळे होतात. ‘मी सांगितल्यावरच ढकला’ असं आधीच बजावा.

साठ-सत्तर किलोच्या नवशिक्याला आठ फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड) हवा, सात फुटी दिला तर बदलून घ्या. बोर्डाखालचे तिन्ही फिन (पंख) हलवून बघा, भाड्याच्या बोर्डाचे स्क्रू ढिले असू शकतात. लीश, म्हणजे बोर्डाला बांधून ठेवणारा पट्टा, मागच्या पायाच्या घोट्याला, दोरी बाहेरच्या बाजूला. बोर्डावर आडवं झाल्यावर बोर्डाचं नाक (पुढचं टोक) पाण्यापासून दोन-तीन इंच वर राहिलं पाहिजे. पुढे सरकलात तर ते पाण्यात खुपसतं, मागे राहिलात तर लाट खालून निघून जाते.

बडोद्यातल्या लालबागच्या तरणतलावात दोनशे मीटर न थांबता पोहता येत नसेल, तर मेदेवी गाळा आणि तेवढे पैसे कमी करून मागा.