जुन्या घरातली मधली भिंत काढली: पावसाळा, थंडी आणि उन्हाळा पाहिल्यानंतरचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे, सासऱ्यांनी १९७४ साली बांधलेलं. तळमजला आणि वर दोन खोल्या. नऊ इंची विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब, कॉलम कुठेच नाही. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाक आणि जेवणाची जागा, आणि या दोन्हींच्या मध्ये ती भिंत. पश्चिमेला शेजारची इमारत उभी राहिल्यापासून स्वयंपाकघरात भर दुपारी ट्यूब लावावी लागायची. पूर्वेचा उजेड बैठकीत भरपूर यायचा आणि भिंतीपाशी अडायचा. मागच्या उन्हाळ्यात ती काढली, त्यानंतर सगळे ऋतू त्या मोकळ्या जागेत काढून झाले. काम मनासारखं झालंय. पण विटा आणि लोखंडाचा भाग पार पडला की विषय संपत नाही. ती भिंत आवाज, वास आणि सामान सांभाळत होती, आणि त्याची सोय बसायला खरा वेळ लागतो. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी भाराचं. कॉलम नसलेल्या घरात मधली भिंत म्हणजे नुसता आडोसा नसतो. आमच्या या भिंतीवर दोन्ही बाजूंचे स्लॅब टेकलेले आणि वरच्या मजल्याची भिंत थेट तिच्यावरच उभी. दहा फूट उंचीच्या नऊ इंची भिंतीचं नुसतं स्वतःचं वजन दर मीटरला सव्वा टनाच्या वर भरतं. स्लॅबचा भार वेगळा. थाप मारून आवाजावरून यातलं काही कळत नाही. इंजिनिअरांनी स्लॅबखालचं प्लास्टर थोडं उकरून सळया कुठल्या दिशेने गेल्यात ते पाहिलं, वरच्या खोल्यांची मापं घेतली आणि मगच ड्रॉइंग केलं. ते ड्रॉइंग आणि त्यांचं पत्र घेऊन मनपाच्या नगररचना विभागात विचारून आलो. घर स्वतःचं असलं तरी एवढं करावंच. गवंडी कितीही जाणता असला तरी भिंतीऐवजी भार घेणाऱ्या तुळईचं माप त्याच्या अंदाजावर सोडू नये. साडेचार इंची भिंत पाहून निर्धास्त होणारेही भेटतात, पण जुन्या घरांत तीसुद्धा भार घेत असू शकते. आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांना यातलं काही जसंच्या तसं लागू करू नका. तिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा असतो, त्याचा हिशोब निराळा.

आमच्याकडे दोन आयएसएमबी २०० (म्हणजे इंग्रजी I आकाराच्या, २०० मिमी उंचीच्या लोखंडी) तुळया शेजारी शेजारी बसवल्या. एकेकीचं वजन नव्वद किलोच्या आसपास, म्हणून चौघांनी धरून चढवल्या. ही पद्धत मला फार आवडली. भिंतीच्या दोन्ही अंगांना टेकू आणि जॅक लावले. टोकांना विटांवर थेट भार येऊ नये म्हणून काँक्रीटचे बेड ब्लॉक भरले आणि ते नीट मुरू दिले. मग बैठकीच्या बाजूने स्लॅबखाली निम्म्या जाडीचीच खाच पाडली, पहिली तुळई आत सरकवली, वर लोखंडी पाचरी ठोकल्या आणि फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरली. ते कडक झाल्यावर स्वयंपाकघराच्या बाजूने दुसरी निम्मी खाच आणि दुसरी तुळई. दोघी बोल्टने जोडल्या. या सगळ्यात वरची भिंत एक क्षणही अधांतरी नव्हती. खालच्या विटा काढायला सुरुवात त्यानंतर झाली, तीही वरून खाली, छन्नीने, घणाचा दणका न देता. टेकू काढण्याची घाई गवंड्याला होती, इंजिनिअरांनी ती करू दिली नाही. दोन्ही टोकांना भिंतीचे दीड-दीड फुटांचे भाग तसेच ठेवलेत. कुणी म्हणालं, तेही काढून टाका, जागा आणखी मोठी दिसेल. पण तुळया त्याच्यावरच बसल्यात.

धुळीबद्दल थोडक्यात: कपाटं कितीही झाका, ती आत जाते. राडारोडा कुठे टाकणार हे ठेकेदाराशी आधीच बोलून घ्या, नदीकाठी किंवा नाल्यात जायला नको. आणि खर्च लोखंडापेक्षा फरशी, वायरिंग आणि रंगावर जास्त झाला. मेन बोर्डाच्या वायरी त्याच भिंतीतून जात होत्या, त्या सगळ्या फिरवाव्या लागल्या.

फरशीची गंमत भिंत गेल्यावर दिसते. दोन्हीकडे जुन्या मोझॅकच्या लाद्या, आणि मध्ये भिंतीच्या जागी दहा इंचांचा उघडा पट्टा. त्या रंगाच्या लाद्या आता कुठे मिळणार! शिवाय पाणी बैठकीत येऊ नये म्हणून स्वयंपाकघराची फरशी मुळातच अर्धा इंच खाली होती. नवी फरशी सगळीकडे टाकायची माझी तयारी नव्हती, त्या लाद्या आजही आरशासारख्या चमकतात. म्हणून पट्ट्यात काळा कडप्पा बसवला, एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत हलका उतार देऊन. सासूबाईंची काठी तिथे अडखळत नाही, हे मी रोज पाहते.

पहिल्या पावसाळ्यात वर, तुळईच्या टोकापाशी, प्लास्टरमध्ये केसाएवढी भेग दिसली. वरच्या खोलीत दाराच्या कोपऱ्यातही एक. भार भिंतीवरून तुळईवर जाताना ती किंचित वाकते, शिवाय नवं प्लास्टर आकसतं, त्यामुळे अशी रेघ येऊ शकते. तरी नुसत्या समजुतीवर सोडली नाही. दोन्ही भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवून तारीख लिहिली. भेग वाढली असती तर काच तडकली असती. थंडी सरेपर्यंत दोन्ही पट्ट्या अखंड होत्या. मग भेगा भरून रंग दिला.

आता रोजचं. वास हा सगळ्यात मोठा मुद्दा. ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या परतल्या की बैठकीतल्या पाहुण्यांनाही ठसका लागतो. बाहेर पाइप काढलेली चिमणी हवीच. हवा गाळून परत खोलीत सोडणारी आपल्या फोडणीपुढे पुरत नाही. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, तेव्हा कुकरची वाफही सगळीकडे पसरते आणि सोफ्याचे कपडे दमट लागतात. प्लास्टरच्या वेळीच वर सरकत्या दारांच्या पट्टीची जागा सोडून घेतली होती, तिथे आता तीन पानी काचेचं पार्टिशन आहे. तळणी असेल तेव्हा ओढून घेते, एरवी उघडं.

आवाजाला काच थोडीच अडवते. मिक्सर सुरू झाला की मुलाची ऑनलाइन मीटिंग वरच्या खोलीत जाते. मोकळ्या खोलीत टीव्हीही घुमायचा; जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट आल्यावर ते बरंच कमी झालं. भिंतीतलं फडताळ गेलं, त्यातली भांडी आणि बरण्या कुठे ठेवायच्या याचा विचार काम काढण्याआधी करा. ओटाही आता सतत नजरेसमोर असतो, भांडी घासायची ठेवून बाहेर जाता येत नाही.

थंडीत मात्र वेगळं जाणवलं. नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा छोटी खोली लवकर ऊबदार व्हायची, ही एवढी मोठी जागा होत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट. संध्याकाळी पूर्वेची खिडकी आणि मागचं दार उघडलं की वारा आरपार वाहतो, रात्रीपर्यंत घर निवतं.

आणि उजेड! सकाळी आठला ऊन ओट्यापर्यंत येतं. निवडणं-टिपणं ट्यूबशिवाय होतं. सासूबाईंना सुरुवातीला भिंत काढणं पटलं नव्हतं, सासऱ्यांनी उभं राहून बांधून घेतलेली ती भिंत. आता त्या जेवणाच्या टेबलाशी बसून मेथी निवडतात आणि म्हणतात, "अगं, फाटक वाजलं की इथूनच दिसतं कोण आलंय ते." महालक्ष्म्यांच्या जेवणाला यंदा सगळी पंगत पहिल्यांदा एका ओळीत बसली, वाढणाऱ्या बायकाही दोन खोल्यांत धावल्या नाहीत. एवढ्यासाठी मी मिरचीचा ठसका आनंदाने सोसते.

तुळया आता प्लास्टरमागे झाकल्या गेल्यात, बाहेरून पाहून कुणालाही साधी भिंतच वाटेल. त्यामुळे इंजिनिअरांचं ड्रॉइंग, पत्र आणि काम चालू असतानाचे फोटो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवलेत. परवा पडद्याची दांडी बसवायला आलेल्या माणसाला ड्रिल कुठे मारायचं नाही ते त्या फोटोवरूनच दाखवलं.